कधी जातलात?

टेम्पोतले सामान उतरवून जेमतेम दोन तास झाले होते. शिलाई मशीन पडवीत, पुस्तकांची खोकी माजघरात आणि फ्रिज अजून खळ्यातच, फणसाच्या सावलीत उभा. चहा टाकायला घरात साखर नव्हती म्हणून मी वाडीतल्या दुकानावर गेलो. मे महिन्यातले अकराचे ऊन, वर तापलेला पत्रा, फळीखाली काजूबियांची पोती आणि बियांना चिकटून आलेल्या बोंडूंचा आंबूस वास. दुकानदाराने साखर तोलता तोलता, वर न पाहताच विचारले, “कधी इलात?” मी म्हटले, “आजच, सकाळी.” त्याने पुडीला दोरा गुंडाळला, दाताने तोडला आणि तितक्याच सहजपणे पुढचा प्रश्न विचारला, “आनी जातलात कधी?”

मी क्षणभर गप्पच राहिलो.

हा प्रश्न मला नवा नव्हता. चाळीस वर्षे दर मे महिन्यात आणि दर चतुर्थीला याच फळीसमोर तो मला विचारला गेला आहे आणि दर वेळी मी त्याचे उत्तर तारखेनिशी दिले आहे. चाकरमान्याला परतीची तारीख तोंडपाठ असते, तिकीट पक्के नसेल तर वेटिंगचा आकडाही असतो. २०२४च्या त्या मे महिन्यात मात्र माझ्याकडे सांगायला तारीख नव्हती. मार्चअखेरीस मी बँकेतून निवृत्त झालो होतो, ही त्याआधी दोन वर्षे शाळेतून निवृत्त झाली होती, आणि कुडाळपासून थोड्या अंतरावरच्या या वाडीत, वडिलांच्या घरात, राहायला म्हणून आम्ही आलो होतो. “आता इथेच राहणार आहोत,” असे मी म्हणालो खरा, पण म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आले की हे वाक्य मी डोंबिवलीच्या मराठीत बोललो होतो. आईशी जन्मभर जिच्यात बोललो ती मालवणी नेमकी त्या वेळी तोंडात आली नाही. दुकानदार “बरां, बरां” म्हणाला, त्याने सुटे पैसे मोजून दिले, आणि मी पायरी उतरत असताना मागून विचारले, “पावसात रवाक जमतला?”

त्यात कुत्सितपणा काही नव्हता. येथे आल्यागेल्याची चौकशी अशीच करतात. तरीही तो प्रश्न चपलेत शिरलेल्या खड्यासारखा वर्षभर टोचत राहिला. हिला मी संध्याकाळी सांगितले तेव्हा ती फ्रिजच्या मागची जळमटे काढत होती. “मग सांगायचे होते ना, डोंबिवलीचे घर अजून विकलेले नाही म्हणून,” ती म्हणाली. ही कराडकडची, म्हणजे वाडीच्या भाषेत घाटावरची, आणि घाटावरच्या माणसांचे बोलणे असे थेट असते. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांची किल्ली मी मोठ्या हौसेने देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली होती. सोसायटीचा मेन्टेनन्स आम्ही अजून भरतो. “वेळप्रसंगी असावे” असे आम्ही सगळ्यांना सांगतो. वेळ कोणती आणि प्रसंग कोणता, हे मात्र आम्ही एकमेकांनाही कधी विचारलेले नाही.

पावसात राहणे जमले, पण त्यासाठी आधी घराला पावसाच्या तोंडी उभे करावे लागते हे मी विसरलो होतो. चतुर्थीला येणाऱ्या माणसाला पाऊस दिसतो तो उतरणीला लागलेला. जूनच्या आधीची तयारी त्याने कधी केलेली नसते. कौले परतायची होती, तर सातबारावर सतरा नावे. त्यातले वसईचे, बदलापूरचे आणि थेट बडोद्याचे चुलतभाऊ फोन करून विचारावे लागले, कारण छपराला हात लावला आणि नंतर कोणी “आमका इचारलास नाय” म्हटले, तर ते बोलणे पुढच्या पिढीपर्यंत पुरते. बडोद्याच्या भावाने संमती दिली आणि लगेच विचारले की हिस्से केव्हा करायचे. मग जळाऊ लाकडे, नारळाची सुकी सोडणे, मीठ, कांदे, कुळीथ, आमसुले, फणसाचे तळलेले गरे अशी सारी बेगमी. शेजारच्या काकींनी हिला माडाची झावळे विणून झाप करायला शिकवले. एक झावळ मधोमध चिरायचे, दोन दिवस पाण्यात भिजत घालायचे, मग पायाखाली दांडा धरून एक पात खाली, एक वर अशी वीण टाकत जायचे. हिच्या पहिल्या झापातून पलीकडचे अंगण दिसत होते. तिसरा झाप काकींनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता स्वतःच्या पडवीला बांधायला नेला. तशी प्लॅस्टिकची ताडपत्री आम्हीही आणली होती, पण पावसाचा झोत झापावर पडतो तेव्हाचा आवाज आणि ताडपत्रीवरचा आवाज यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ताडपत्रीखाली बसले की रेल्वे फलाटावर बसल्यासारखे वाटते.

जुलैत सलग तीन दिवस वीज नव्हती. कातडी पट्ट्यावर, चपलांवर, चष्म्याच्या डबीवर, एवढेच काय पण निवृत्तीच्या दिवशी बँकेने दिलेल्या मानपत्राच्या चौकटीवरही हिरवट बुरशी चढली. मीठ पाघळून बरणीच्या बुडाशी चिकटले. रात्री विहिरीच्या बाजूने बेडकांचा जो एक सूर लागायचा तो पहाटेपर्यंत तुटायचा नाही. मला झोप यायची नाही आणि मी अंधारात पडून डोंबिवलीतल्या शेवटच्या लोकलचा आवाज आठवत बसायचो. तो आवाज चांगला होता असे नव्हे, सवयीचा होता इतकेच. ही मात्र गाढ झोपलेली असायची.

श्रावणात वाडीतले एक म्हातारे गृहस्थ रात्री दोनच्या सुमारास गेले. माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, नव्वदीला टेकलेले. मी कंदील घेऊन गेलो. पोरे लाकडे वाहू लागली होती, पाऊस कोसळत होता, आणि मी पुढे होऊन एका ओंडक्याला हात घातला तर एक विशीतला मुलगा अदबीने म्हणाला, “तुमी रवा हंय काका, वाट निसरडी आसा.” त्याने माझ्या हातातला ओंडका काढून घेतला आणि मला पडवीत, म्हाताऱ्या माणसांच्या रांगेत, बसायला खुर्ची आणून दिली. प्लॅस्टिकची लाल खुर्ची. बाकीचे म्हातारे जमिनीवर, भिंतीला टेकून बसलेले होते. त्या खुर्चीवर मी किती वेळ बसलो असेन ते सांगता येत नाही. शेवटी पाठ दुखते असे खोटेच सांगून मी खाली बसलो. वयामुळे लाकूड काढून घेतले म्हणावे, तर खुर्ची कशासाठी?

त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी चतुर्थीसाठी तिकीट काढले नाही, रात्रभर गाडीत उभा राहिलो नाही, आणि कुडाळ स्टेशनावर उतरणाऱ्या गर्दीकडे फलाटाच्या या बाजूने पाहिले. भाचा, भाची आणि दोन चुलतभावांची कुटुंबे मिळून चौदा माणसे घरी आली. गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटवी बांधायचे काम माझ्याकडे होते. लहानपणी वडील शिडीवर आणि मी खाली उभा राहून एकेक वस्तू देत असे. आता मी शिडीवर होतो आणि खाली भाच्याचा मुलगा. शेवरवड, हरणाची पिवळी फुले, कांगणे, कवंडाळाची लालभडक फळे, आंब्याचे टाळे, सुपारीचा घड, नारळ. कवंडाळ कुठे बांधायचे यावरून चुलतभावाशी माझा वाद झाला. तो म्हणाला, बाबा मधोमध बांधत. मी म्हणालो, कोपऱ्यात. दोघेही आपापल्या वडिलांची शपथ घेत होतो. शेवटी काकींनी आतून ओरडून सांगितले की दोघांचेही वडील जिथे जागा मिळेल तिथे बांधत.

पूजेनंतर गाऱ्हाणे झाले. ते घालायचा मान वाडीतल्या ज्या वडीलधाऱ्यांकडे आहे, त्यांनी नारळावर हात ठेवून सुरुवात केली. गावच्या देवांना, मूळपुरुषाला, राखणदाराला बोलावून झाल्यावर त्यांनी घरच्या माणसांसाठी मागणे मागितले, “आनी जी लेकरां पोटापाण्यासाठी मुंबैक आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा.” असे म्हणताना त्यांनी हात केला तो माझ्या दिशेने. चार महिने मी त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहत होतो, पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्याच शेतात लावणीनंतरचे गवत काढायला गेलो होतो आणि कंबर धरून परत आलो होतो. पण गाऱ्हाण्यातली आमच्या घराची ओळ ठरून गेलेली आहे, ती माझ्या निवृत्तीमुळे बदलत नाही. सगळे “व्हय म्हाराजा” म्हणाले. मीही म्हणालो. हिने पदर तोंडाला लावून हसू दाबले.

त्या रात्री भजनी मंडळी उसळ-पाव आणि चहा घेऊन पुढच्या घरी गेल्यावर मी पडवीत बसलो होतो आणि वडील आठवत होते. ते गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते आणि त्यांत आमचे वडील होते. दीड वर्षाने ते आईला घेऊन गावी आले आणि मी लालबागच्या खोलीत काकांकडे शिकायला राहिलो. पुढच्या मे महिन्यात मी घरी आलो तेव्हा ते याच पडवीत, याच खांबाला टेकून बसलेले असत. वाटेने जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, “काय, कधी जातलास?” आणि वडील दर वेळी तेच उत्तर द्यायचे, “संप मिटलो काय जातलंय.” त्या वेळी मला ते उत्तर साधे वाटले होते. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. वडील २००३ साली गेले. त्या वीस वर्षांत केव्हातरी लोकांनी हा प्रश्न विचारणे सोडले असेल, आणि तो विचारणे सोडले त्या दिवशी त्यांना बरे वाटले असेल की वाईट, हे मी त्यांना विचारले नाही. त्यांच्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत गिरणीचा पास शेवटपर्यंत होता.

माझी किल्ली निदान भिंतीवर उघड्यावर तरी आहे.

दिवाळीला आम्ही मुलीकडे पुण्याला गेलो. तिचे घर अकराव्या मजल्यावर आहे. फाटकावरच्या रखवालदाराने नोंदवही पुढे केली. नाव, कोणाकडे, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ. दुकानदाराचेच दोन प्रश्न, रकाने आखून. मी शेवटचा रकाना मोकळा सोडला तर तो म्हणाला, “असू द्या, जाताना भरा.” नातू आठ वर्षांचा. त्याने आम्हाला त्याची खोली दिली आणि स्वतः दिवाणखान्यात झोपला. तीन दिवस त्याला त्याचे मोठे अप्रूप वाटले, चौथ्या दिवशी त्याने त्याची कोडी, त्याची चादर आणि त्याचा दिवा अशी एकेक वस्तू आमच्या खोलीतून हलवायला सुरुवात केली. मुलीने त्याला दटावले. मला त्याचे काही चुकले असे वाटले नाही. पाहुणा आवडत असला तरी उशी आपली ती आपली.

तेथून डोंबिवलीला गेलो, कारण २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते आणि आमची नावे अजून तेथल्या यादीत आहेत. सहा महिने बंद असलेल्या घराला एक वेगळाच वास येतो, कोरड्या मोरीचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा. सकाळी फिरायला जाणारी आमची मंडळी ठरलेल्या बाकावर भेटली. सर्वांनी मिठ्या मारल्या, कटिंग मागवला, आणि एकाने विचारले, “काय कोकणकर, कधी आलात? आहात ना चार दिवस?” त्यांनी बाकावर सरकून मला जागा केली. पण माझी जागा उजव्या टोकाची होती आणि तेथे आता दुसरेच कोणी निवृत्त गृहस्थ बसलेले होते, त्यांना उठवणे बरे दिसले नसते. बोटाला शाई लावून घेऊन आम्ही तिसऱ्या दिवशी तुतारी एक्स्प्रेसने परतलो. गाडीत हिने हिशेब केला की या फेरीत आपण एकदाही “आपल्या घरी” असे म्हणालो नाही. “पुण्याला”, “डोंबिवलीला”, “गावाला” असेच म्हणालो.

जानेवारीत त्याच बाकावरच्या मंडळींबरोबर हंपीला गेलो. त्यांचा आग्रह प्रयागच्या कुंभमेळ्याचा होता, पण माझे गुडघे आणि हिची गर्दीची धास्ती यांचे एकमत झाल्यामुळे हंपी ठरली. आम्ही आंबोलीवरून बेळगाव, हुबळी करत होस्पेटला पोचलो, बाकीचे सहा जण मुंबईहून आले. विरूपाक्षाच्या देवळात घंटा वाजत होत्या, फुलवाल्या बसल्या होत्या, तेथे देव राहता आहे. विठ्ठल मंदिराकडे मात्र फाटकापासून बॅटरीवर चालणाऱ्या गाडीने जावे लागते. पन्नासच्या नोटेवर छापलेला तो दगडी रथ समोर दिसला की सर्व जण धावतात, आम्हीही धावलो, नोट हातात धरून फोटो काढले. सुरांच्या खांबांना हात लावू देत नाहीत. मग मी एकटाच आत गाभाऱ्याकडे गेलो. गाभारा रिकामा आहे. थंड दगड, वटवाघळांचा वास, आणि जेथे मूर्ती असावी तेथे अंधार. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा येथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, अशी आपल्याकडची परंपरा. लहानपणी ऐकताना ती गोष्ट मला नेहमी पंढरपूरच्या बाजूने ऐकू यायची, देव घरी आला म्हणून आनंदाची. त्या गाभाऱ्यात उभे असताना पहिल्यांदाच ती या बाजूने ऐकू आली. एवढे देऊळ बांधायचे, एवढे खांब कोरायचे, आणि पाहुणा निघून जायचा. बाहेर आमच्यातले एक गृहस्थ रखवालदाराला विचारत होते की सहाची शेवटची गाडी चुकली तर चालत जाता येते का.

नंतरचे महिने भराभर गेले. फेब्रुवारीत आंगणेवाडीची जत्रा, मार्चमध्ये शिमगा, मग काजू. पहाटे बोंडू वेचायला गेले की बोटांना चीक लागून कातडी सोलवटते. ही हातमोजे घालते आणि काकी तिला हसतात. आम्ही मोजून अकरा झाडांचे मालक, पण त्या अकरा झाडांच्या बिया उन्हात वाळत घालताना वाटणारा तोरा अकरा एकरांचा होता. माकडांनी नारळ किती पाडले याची बातमी आता आम्हीही वाटेवर थांबून एकमेकांना सांगू लागलो आहोत.

आणि मग २०२५चा मे. मिरगाला अजून अवकाश होता, लाकडे उघड्यावर, झाप विणायचे बाकी, शेवटच्या बिया खळ्यात पसरलेल्या, आणि विसाव्या तारखेच्या सुमाराला पावसाने जो झोडपायला आरंभ केला तो थांबेना. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. आमच्या बिया काळ्या पडल्या, माडाचे एक झावळ गोठ्याच्या पत्र्यावर पडले, आणि वीज गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एका छत्रीत दुकानावर गेलो. मेणबत्त्या, काडेपेटी, साखर, चहापूड घेतली. एकशे नव्वद रुपये झाले. मोबाइलला रेंज नव्हती आणि पाकिटात चाळीस रुपये होते. वर्षभर मी या दुकानात एक पैसा मागे ठेवला नव्हता. दुसऱ्यांदा जाऊन आणतो असे म्हणून मी पुड्या फळीवर परत ठेवू लागलो तर दुकानदाराने मेणबत्ती जवळ ओढली, खालच्या खणातून लांबट लाल वही काढली आणि म्हणाला, “रवांदे हो, लिवून ठेवतंय.”

नवे पान उघडून त्याने तारीख घातली. त्याच्या वहीत माणसांची नावे कमीच आहेत, बहुतेक पाने घरांच्या नावाने आहेत, वरलो वाडो, बावकडची, मास्तराची. त्याने पेन्सिल जिभेला लावली, थोडा विचार केला आणि पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिले, “मुंबईवाले”. खाली रुपये १९०.

मी काहीतरी बोलणार होतो. चाळीस रुपये तरी आता घ्या, असे काहीसे. पण ही माझ्या खांद्यावरून वाकून ते पान वाचत होती. “लिहू दे,” ती हळूच मला म्हणाली, आणि मग दुकानदाराकडे वळून, “त्याच्यातच एक किलो बारीक रवा पण लिहा हो.”